सुमतीच्या छातीत दुखत नव्हतं

लकडगंजाच्या मागल्या अंगाला, आरा मशीनची घरघर जिथवर ऐकू येते तिथल्या वस्तीत, सुमती नगराळेची चूल होती. साधीसुधी चूल नाही हं. विटा रचून केलेलं आळं, त्यावर पालथं घातलेलं काळंभोर मडकं, खाली लाकडाच्या ढलप्यांचा जाळ आणि समोर पाटावर सुमती. लंबी रोटी खावी तर तिच्या हातची. गव्हाचं मैद्यासारखं बारीक पीठ मिठाच्या पाण्यात भिजवायचं, इतकं सैल की नवख्याच्या बोटांतून ओघळून जावं. मग ते आपटून आपटून त्याला तार आणायची, गोळा तळहातावर घेऊन झुलवत झुलवत मनगटावरून कोपरापर्यंत ताणायचा आणि एका झटक्यात मडक्यावर टाकायचा. पाहणाऱ्याला वाटतं, वा, काय मजेचं काम आहे! करून पाहा म्हणावं एकदा. दुसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर गेला तर बोला.

या कामातल्या सगळ्याच बायांचे हात दुखतात. खांदे भरून येतात, मान आखडते. त्या तेल चोळतात, जुन्या लुगड्याची चिंधी दंडाला करकचून बांधतात आणि पुन्हा चुलीपुढे बसतात. कोणी कोणाला सांगत नाही, कारण सांगून काय उपयोग, समोरचीचेही दुखतातच. सुमतीचं लग्न झालं तेव्हापासून हेच चाललं होतं. लग्न असो, बारसं असो, कोणाच्या घरी पाहुणे येऊन सावजी रस्सा शिजायचा असो, रोट्या सुमतीकडूनच जायच्या.

आणि बाई कशी? तर खरी. नको तितकी खरी. तिच्या आजोबांनी छप्पन्न साली नागपुरात दीक्षा घेतली तेव्हापासून ते घरातल्या पोरासोरांना बसवून सांगायचे, की शील हे तोंडानं म्हणायचं नसतं, पाळायचं असतं. ते नातीनं असं काही मनावर घेतलं की नवऱ्याच्या नाकी नऊ आले. गिऱ्हाईक दारात उभं, मोठी ऑर्डर, आणि ही बया सांगणार, "आज पीठ जमलं नाही भाऊ, रोट्या वातड होतीन. दुसरीकडून घेऊन जा." प्रेमानंद कपाळावर हात मारायचा.

"अवं, थोडं गप राहिली असती तर काय बिघडलं असतं?"

"त्यायच्या घरी पाहुणे आहेत जी. त्यायले कायले फसवू?"

प्रेमानंद तिचा नवरा, आऱ्यावरचा मिस्त्री. लाकडाकडे नुसतं पाहून कुठून चिरायचं ते सांगणारा, बोलका, गमत्या, वस्तीत चार लोकांत ऊठबस असलेला. संध्याकाळी सायकलला ढलप्यांचं पोतं बांधून आणायचा आणि म्हणायचा, "घे वं, तुह्यासाठी सागवान आणलं. श्रीमंताघरी फर्निचर होते, आपल्या घरी रोट्या." त्याचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणेल तर ते साफ खोटं. होतं, भरपूर होतं. म्हणून तर पुढचं सगळं त्याला इतकं जड गेलं.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात प्रेमानंद ओंडका आऱ्यावर चढवताना एकदम खाली बसला. अंगाला दरदरून घाम. "छातीत दुखून राहिलं गा," एवढंच म्हणाला. झालं! आऱ्याच्या सेठनं स्वतःची गाडी काढली, दोघांनी उचलून आत घातलं आणि थेट डॉक्टर भुसारींच्या दवाखान्यात. बाहेर बाकांवर माणसं भरलेली होती, पण कंपाउंडरनं 'छातीत' हा शब्द ऐकला मात्र, दार धाडकन उघडलं. डॉक्टरांनी समोरच्या पेशंटला उठवलं. शर्टाची बटणं सोडली, छातीला वायरी लागल्या, ईसीजीची पट्टी निघाली, तोंडात गोळी गेली, एका हातानं डॉक्टर मोठ्या दवाखान्यात फोन करत होते. सुमती पिठाच्या हातानं तशीच धावत आली तोवर नवरा पुढे रवानाही झाला होता. त्याच दिवशी हृदयाच्या नळीत स्प्रिंग टाकली. माणूस वाचला.

त्यानंतर प्रेमानंदचा रुबाब काय विचारता! तो मरणाच्या दारातून परत आलेला माणूस. जो भेटेल त्याला गोष्ट सांगायचा, आणि दर वेळी डॉक्टर भुसारींचं नाव घेताना हात जोडायचा. घरात त्याच्या हृदयाचं राज्य सुरू झालं. भाजीत तेल नाही, मीठ नाही. सकाळी फिरायला जाणं. गोळ्यांच्या वेळा सुमतीला तोंडपाठ. तो जिन्यानं चढला तर ती खालून ओरडायची, तो जोरात हसला तरी हिच्या काळजात धस्स व्हायचं. वस्तीतल्या बाया चिडवायच्या, "सुमतीबाई, नवऱ्याले कापसात गुंडाळून ठेव." ती हसायची. मनातून तिनं खरंच तसं ठेवलं होतं.

तिचं स्वतःचं दुखणं कधी सुरू झालं ते कोणालाच नीट सांगता येणार नाही. प्रेमानंदला आठवतं ते एवढंच, की थंडीच्या दिवसांत एकदा चहा घेताना तिनं कप खाली ठेवला आणि जबडा चोळला.

"काय झालं वं?"

"इथून ओढल्यासारखं होते. पाठीत मधातही दुखते. पूल चढली का मळमळते, दम लागते."

"हात दुखत असन, तेच वर चढलं. तेल लाव."

तिनं तेल लावलं. दंडाला चिंधी बांधली. त्यानं काही होईना तेव्हा शेक घेतला. हातांचं दुखणं इतक्या वर्षांचं ओळखीचं, त्यामुळे हे नवं दुखणं त्याच्याच घरचं समजून तिनं त्याला पाट मांडला. पण दुखणं काम केल्यावर यायचं तसं चालतानाही येऊ लागलं. विहारात वंदनेला जाताना ती वाटेत थांबू लागली, कोणाच्या तरी ओट्यावर टेकू लागली.

प्रेमानंदला महिन्याच्या महिन्याला डॉक्टर भुसारींकडे दाखवायला जावं लागे. सुमती बरोबर असायचीच. तिथं त्याची तपासणी व्हायची ती काय थाटात! बीपी, वजन, पायाला सूज आहे का, रात्री झोप कशी लागते, पुन्हा पट्टी. सगळं संपलं, दोघं उठली, आणि दाराशी जाऊन प्रेमानंद मागे वळला.

"साहेब, आलीच आहे तर हिलेही पाहून घेता का थोडं?"

वस्तीतल्या बायांचा दवाखाना असाच असतो. नवऱ्याच्या नाहीतर लेकराच्या नंबरात, उठता उठता, दाराला हात लावून. आपला वेगळा नंबर लावून, खुर्चीत बसून दुखणं सांगायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. सुमती उभी राहिली पदर सावरत.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

ती तोंड उघडते न उघडते तोच प्रेमानंद बोलला. "काही नाही साहेब, थकून जाते. माह्यी फिकीर करते ना दिवसभर. झोप नाही तिले."

"वय?"

"पन्नाशीले टेकली."

"पाळी येते?"

सुमतीनं मान खाली घातली. "गेल्या साली गेली."

"मग झालं तर. या वयात बायकांचं असंच होतं. अंग दुखणार, घाम येणार, जीव घाबरणार. त्यात यांच्या आजारपणाचं टेन्शन घेतलंय तुम्ही. टेन्शन घ्यायचं नाही, काय?"

"पण साहेब, जबड्यात ओढते. पाठीत दुखते, मधोमध. चालली का जास्त."

"काम काय करता?"

"रोट्या करते. मडक्यावरच्या."

डॉक्टर हसले. चांगलं मनमोकळं हसले. "अहो, तुमच्या हातची रोटी खाल्ली आहे मी. ते काम करून पाठ नाही दुखणार तर काय होणार? थोडं कमी करा. जबड्याचं म्हणाल तर दात दाखवून घ्या एकदा." आणि कॅल्शियमची आणि गॅसची गोळी लिहून दिली. त्याच चिठ्ठीवर, प्रेमानंदच्या औषधांच्या खाली.

दोघं बाहेर आली. प्रेमानंदला हायसं वाटलं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणजे विषय संपला, आणि डॉक्टरही कोण, तर ज्यानं आपल्याला मरणातून ओढून काढलं तो. त्याच्या नजरेतून काही सुटेल का? सुमतीही तेच म्हणाली. तिनं जाऊन दातसुद्धा दाखवले. दात ठणठणीत निघाले.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. या वेळी तिनं स्वतःच दाराशी थांबून सांगितलं, की साहेब, बरं नाही वाटत, जीव घाबरा होते, घाम फुटते. डॉक्टरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, समजावणीच्या सुरात बोलले. "सुमतीबाई, तुम्हाला काहीही झालेलं नाही. नवऱ्याला अटॅक आला की बायकोला वाटतं आपल्यालाही येतोय. मी रोज बघतो. मन शांत राहायची गोळी देतो, झोप लागेल." प्रेमानंदनं मान डोलावली. त्यालाही ते पटलं. किंबहुना थोडं सुखावलाच तो, की बायको आपल्या काळजीनं आजारी पडावी इतकी जीव लावते.

त्या गोळीनं ती दिवसभर पेंगायची. एकदा पीठ आपटता आपटता हात तसाच पिठात राहिला आणि ती मडक्याकडे बघत बसली. ढलप्या जळून गेल्या तरी कळलं नाही. प्रेमानंद कामावरून आला तेव्हा म्हणाली, "अजी, एक विचारू? मी येडी होऊन राहिली का?"

"काहीतरीच बोलतं काय!"

"मंग डॉक्टर असं काहून म्हणते, का काही झालंच नाही? मले होऊन राहिलं ना इथं." तिनं पाठीमागे हात नेला, पोचेना, तरी नेला. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. इतक्या वर्षांत प्रेमानंदनं तिला दुखण्यासाठी रडताना पाहिलं नव्हतं. तो गोंधळला, म्हणाला, "बरी होशील वं," आणि तिच्या पाठीला तेल लावून दिलं. मनापासून चोळलं बिचाऱ्यानं. काय करणार, त्याला तेवढंच येत होतं.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर नालायक. तसंही नाही हो. गरिबाच्या दारी धावून जाणारा माणूस तो, वस्तीतल्या कितीकांना त्यानं उभं केलं. पण त्याच्या डोक्यात हृदयविकार म्हटलं की एक पुरुष छाती धरून उभा होता. बाई म्हटली की तिच्या मनाचं काहीतरी. रोट्यांचं, पाळीचं, टेन्शनचं काहीतरी. सगळी कारणं आधीच तयार, बाईनं फक्त येऊन त्यातलं एक घेऊन जायचं. संताप येतो, पण कोणावर काढावा ते कळत नाही.

संताप खरा आला तो दीक्षाला. दीक्षा म्हणजे त्यांची एकुलती एक पोरगी, कळमेश्वरला एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जाणारी. बसमध्ये बसल्या बसल्या मोबाइलवर तिनं कुठंतरी ऐकलं, की बायांचं हृदयाचं दुखणं कित्येकदा छातीत नसतंच. जबड्यात असतं, पाठीत असतं, मळमळीत असतं. घरी आली ती तडक बापासमोर उभी राहिली. "बाबा, आईची पट्टी काढली का कोणी? तुमची दर महिन्याले काढते. तिची एकदा तरी?"

"मोबाइलवर डॉक्टर झाली का तू?" प्रेमानंद हसला. "भुसारी साहेबांपेक्षा तुले जास्त समजते?"

"मले नाही समजत. मशीनले तर समजते!"

आणि तिनं ऐकलं नाही. सुट्टीच्या दिवशी आईबापाला घेऊन ती दुसऱ्या, मोठ्या दवाखान्यात निघाली. ई-रिक्षात आईचा हात धरून तिनं समजावलं, "आई, तिथं गर्दी राहते. त्यायले ऐकायले वेळ नाही. तू फक्त एक सांग, का छातीत दुखते. बस. बाबांनी एवढंच म्हटलं होतं ना? लगेच मशीन लावलं."

"पण छातीत नाही दुखत वं."

"मले माहीत आहे. तरी म्हण. एक वेळा खोटं बोललं तर काय होते?"

सुमतीनं पोरीकडे पाहिलं. रागानं नाही, नवलानं पाहिलं. "रविवारी विहारात शील घेतो आपण. मी पुढं म्हणते, साऱ्या बाया मागून म्हणतात. आन मीच जाऊन डॉक्टरसमोर खोटं बोलू? खरं तेच सांगीन. डॉक्टर आहेत ते, शिकले-सवरलेले. खरं सांगितल्यावर त्यायले समजन नाही तर कोणाले समजन?"

दीक्षानं बापाकडे पाहिलं, की तुम्ही तरी सांगा. प्रेमानंद रस्त्याकडे बघत होता. त्याला वाटलं, बाई म्हणते ते बरोबरच आहे, आणि पोरगी उगाच काळजीनं घर डोक्यावर घेते आहे. तो काही बोलला नाही. पुढे कितीतरी दिवस त्याला तेच आठवत राहिलं, की आपण नको तिथं बोललो आणि हवं तिथं गप्प बसलो.

तिथं डॉक्टरीण होती, वयानं लहान, डोळ्यांखाली काळं आलेलं. बाईच आहे म्हटल्यावर दीक्षाला धीर आला. आईला खुर्चीत बसवून ती घाईनं म्हणाली, "मॅडम, आईच्या छातीत दुखते."

डॉक्टरणीनं मान वर केली. एकदम सावध झाली. "छातीत दुखतं का काकू?"

एक शब्द. 'हो' म्हणायचं, बस. मशीन बाजूच्याच खोलीत होतं, उघड्या दारातून दिसत होतं. दीक्षानं आईच्या खांद्यावरचा हात घट्ट केला.

"नाही बाई," सुमती म्हणाली. "पोरगी घाबरली म्हणून बोलून राहिली. छातीत नाही दुखत. पाठीत दुखते, जबड्यात ओढते, आन मळमळते. चालली का होते, बसली का जाते. तेच सांगून राहिली मी कधीची."

सगळं सांगितलं हो तिनं! काहीएक राखून ठेवलं नाही. चालली की होते, बसली की जाते. याहून स्पष्ट आणखी काय बोलायचं असतं माणसानं? पण डॉक्टरणीनं 'नाही' ऐकलं आणि तिचे खांदे पुन्हा सैल पडले. काम काय करता, तिनं विचारलं. रोट्या. दोन्ही हात दुखतात? हो. मान आखडते? हो, ते तर कधीचंच. मग मलम आलं, व्यायाम आला, पट्टा आला. दीक्षा म्हणाली, "एकदा ईसीजी काढा ना मॅडम, हात जोडते." त्यावर डॉक्टरीण थकून म्हणाली, "ताई, गरज असती तर मीच काढला असता. बाहेर बघा किती पेशंट थांबलेत."

परतताना दीक्षा तोंड फिरवून बसली. प्रेमानंद म्हणाला, "चला, काही निघालं नाही, बरं झालं." काही पाहिलंच नाही तर निघणार काय, कप्पाळ! सुमतीनं मात्र पोरीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "रागवू नको वं माय. खरं सांगून आली, आता मन हलकं आहे माह्यं."

उन्हं तापू लागली होती. एका घरी साक्षगंध होतं, साखरपुड्याच्या रोट्यांची ऑर्डर होती. प्रेमानंदनं त्या दिवशी कामाला सुट्टी टाकली होती, जाळ घालायला बसला होता. सकाळपासून सुमतीचा चेहरा मातीसारखा झाला होता. थोड्या रोट्या झाल्या आणि ताणलेलं पीठ हातावर असतानाच ती थांबली. ते पीठ ओघळून पाटावर पडलं. ती भिंतीला टेकली आणि भडभडून उलटी झाली.

प्रेमानंद जाळ सोडून उठला. त्यानं ऑटो आणला, तिला धरून बसवलं आणि भुसारींच्या दवाखान्यात आला. कंपाउंडरनं काउंटरवरून विचारलं, "काय झालं वहिनीले?"

"उलटी झाली. घाम येऊन राहिला. जबडा दुखते म्हणते."

"ऊन लागलं असन. चुलीपुढे बसतात ना. बसा, नंबर लावतो. साहेब पाहतीन."

आणि प्रेमानंद बसला. बाकावर जागा करून तिला बसवलं, शेजारी आपण बसला, पुढे माणसं होती. दार त्याला दिसत होतं. त्याच दारातून त्याला उचलून नेलं होतं, आणि ते उघडायला काय बोलावं लागतं हेही त्याला माहीत होतं. पण ती बाजूलाच होती, आणि तिच्या बाबतीत ते खरं नव्हतं. कंपाउंडरनं सांगितलं ऊन लागलं, तर ऊनच असेल, असं त्यानं मनाला समजावलं. तिला पाणी पाजलं. रुमालानं वारा घातला.

"अजी," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता.

"हाव, बोल."

"सकाळची गोळी घेतली का तुमी?"

"घेतली वं. तू नको बोलू."

तिनं मान त्याच्या खांद्यावर टेकवली. चारचौघांत असं तिनं कधी केलं नव्हतं, म्हणून तो अवघडला, आजूबाजूला पाहिलं. मग तशीच राहू दिली. त्याला वाटलं, डोळा लागला. बरं झालं, तेवढाच आराम. नंबर पुकारला तेव्हा त्यानं तिला हलवलं, "चल वं सुमे, बोलावून राहिले," आणि ती त्याच्या अंगावरून सरकत खाली गेली.

मग सगळं झालं. दार उघडलं, डॉक्टर धावत आले, टेबलावर घेतलं, छाती दाबली, वायरी लावल्या. सुमतीची पहिली पट्टी निघाली. तिच्यावर एक सरळ रेघ होती.

डॉक्टर भुसारी घामाघूम होऊन खुर्चीत बसले. त्यांचा चेहराही पडला होता. ते म्हणाले, "प्रेमानंदराव, अटॅक होता. मोठा. पण छातीत दुखतं असं एकदाही बोलल्या नाहीत हो त्या."

प्रेमानंद तिच्या उशाशी उभा होता. तिच्या हातावर पिठाचे ओघळ कोपरापर्यंत वाळून बसले होते, ते तो नखानं हळूहळू काढत होता.

"दुखत नव्हतं साहेब," तो म्हणाला. "तर कशी म्हणन?"

तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात आणि घरी माणसांना जागा पुरेना. ज्यांनी ज्यांनी तिच्या रोट्या खाल्ल्या होत्या ते सगळे आले. जो येई तो प्रेमानंदला जपत होता. तुम्ही बसा. तुम्ही उभे राहू नका. तुम्हाला स्प्रिंग आहे, जास्त रडू नका. कोणी पाणी देत होतं, कोणी गोळ्यांची आठवण करत होतं. डॉक्टर भुसारीही आले. तसबिरीपुढे फूल ठेवलं, हात जोडले आणि प्रेमानंदच्या शेजारी सतरंजीवर बसून आपणहून त्याची नाडी धरली. "तब्येतीला सांभाळा. उद्या एकदा येऊन जा, पट्टी काढून ठेवू."

तेवढ्यात आतून बायांचा गलका झाला. दीक्षा चहाचे कप आणता आणता दारातच मटकन खाली बसली होती. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले. बायांनी कांदा फोडला, पदरानं वारा घातला.

डॉक्टरांनी बसल्या जागेवरून मान वळवून पाहिलं. "काही नाही, थकवा आहे. आईचा धक्का बसलाय पोरीला, टेन्शन घेतलंय. झोपू द्या तिला."

प्रेमानंदनं आपला हात त्यांच्या हातातून सोडवून घेतला. ज्या माणसाचं नाव घेताना तो हात जोडायचा, त्या माणसासमोर तो उभा राहिला. आवाज चढला नव्हता.

"साहेब, तिथून कसं समजलं तुमाले?"

"अहो प्रेमानंदराव, दिसतंय ना..."

"नाही. इथून नाही दिसत. तिच्या आईचंही नाही दिसलं. जवळ जा. हात लावून पाहा. तिले विचारा, मले नाही. आन मंग सांगा काय आहे ते."

डॉक्टर उठले, माणसांतून वाट काढत दारापाशी गेले आणि दीक्षासमोर खाली बसले. नाडी पाहिली. डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. बॅग मागवली, बीपीचा पट्टा दंडाला गुंडाळला, छातीला नळी लावून डोळे मिटून ऐकलं. काय होतं, कधीपासून होतं, ते हळू आवाजात तिलाच विचारलं आणि तिचं बोलणं संपेपर्यंत थांबले. "रक्त फार कमी दिसतंय," शेवटी म्हणाले. "बीपीही उतरलाय. उद्या सगळ्या तपासण्या करून घेऊ. तिचीही पट्टी काढू."

डॉक्टर दीक्षाला तपासायला बसले तेव्हा कोणीतरी प्रेमानंदच्या हातात चहाचा कप दिला होता. डॉक्टर उठले तेव्हा त्या चहावर अजून वाफ होती. प्रेमानंद त्या कपाकडे पाहत राहिला, आणि बाई गेल्यापासून ज्यानं एक हुंदका दिला नव्हता तो माणूस भर माणसांत हंबरडा फोडून रडला. लोक धावले, छातीला जपा म्हणाले, कोणी पाठीवरून हात फिरवला. तो कोणाचं ऐकत नव्हता. "एवढंसंच तर होतं वं," तो म्हणत होता. "एवढंसंच होतं, सुमे."